हालेआकालावरची संध्याकाळ: गाडीने शिखरावर जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईतल्या माउई बेटावर जाणारा जवळजवळ प्रत्येक मराठी प्रवासी हालेआकालाचा सूर्योदय यादीत लिहून नेतो. सूर्यास्ताबद्दल विचारणारे कमी असतात, आणि जे विचारतात त्यांनाही अर्धवट माहिती मिळते. इथली संध्याकाळ नीट पाहायची तर दुपारीच निघावं लागतं आणि सूर्य बुडाल्यावरही तासभर वर थांबावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं हे कसं जमवायचं याभोवतीच आहेत.

हालेआकाला म्हणजे नेमकं काय?

माउई बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग ज्या ज्वालामुखीने बनला आहे, तो हा डोंगर. शिखराचं नाव पुउउलाउला, उंची १०,०२३ फूट, म्हणजे ३,०५५ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. १९१६ साली बेटांवरचे ज्वालामुखी मिळून एकच राष्ट्रीय उद्यान झालं होतं. १९६१ मध्ये हालेआकाला त्यातून वेगळं निघालं. शिखरापर्यंतचा मोटाररस्ता १९३५ पासून आहे.

स्थानिक हवाईयन लोकांसाठी हे शिखर देवांचं क्षेत्र आहे. त्यांच्या कथेत माउई नावाचा वीर याच डोंगरावर दबा धरून बसतो. त्याची आई हिना झाडाच्या सालीचं कापड वाळत घालायची, पण सूर्य इतक्या घाईने जायचा की कापड ओलंच राहायचं. माउईने दोरीचे फास टाकून सूर्याला पकडलं आणि वर्षातले काही महिने सावकाश चालण्याचं वचन त्याच्याकडून घेतलं. डोंगराच्या नावाचा अर्थही सूर्याचं घर असाच सांगतात.

सूर्योदय की सूर्यास्त? एकच जमणार असेल तर?

माझं मत स्पष्ट आहे: घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर सूर्यास्त. पहाटे तीन ते सात या वेळेत उद्यानात गाडी नेण्यासाठी आधी ऑनलाइन आरक्षण लागतं. २०१७ पासून हा नियम आहे आणि जागा लवकर संपतात. शिवाय रात्री दोनला उठून, अनोळखी घाटात, अंधारात वर चढायचं. संध्याकाळी आरक्षण लागत नाही, आणि चढताना सगळा रस्ता उजेडात दिसतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्वालामुखीचं विवर शिखराच्या पूर्वेला आहे. मावळतीची तिरपी किरणं थेट त्याच्या पोटात शिरतात आणि आतले लाल, तपकिरी, राखाडी शंकू उजळून निघतात. सकाळी सूर्य विवराच्या पलीकडून येतो, त्यामुळे सुरुवातीला ते काळोखातच असतं.

रस्ता किती लांब आहे, आणि कसा?

काहुलुई विमानतळाच्या परिसरातून सुमारे ६० किलोमीटर. आधी ३७ नंबरचा रस्ता, मग ३७७, मग ३७८. शेवटचा हा रस्ता खरा घाट. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर इतक्या थोड्या अंतरात गाडीने चढण्याची संधी जगात फार कमी ठिकाणी मिळते. खाली उसाची जुनी शेतं, मग कुला या डोंगरउतारावरच्या भागातले थंड मळे, मग निलगिरीचा वास, मग गुरांची कुरणं, आणि शेवटी झाडंच संपतात. ही एवढी हवामानं दीड तासात पार होतात, म्हणून खिडक्या अधूनमधून उघडा.

रस्ता डांबरी आणि उत्तम आहे, पण दोन पदरीच. वळणं एकामागून एक येतात आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. काहुलुईहून दीड तास धरा. किहेई-वाइलेआकडून पावणेदोन-दोन तास, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून त्याहून जास्त. उद्यानात जाणारी सार्वजनिक बस नाही.

घरून किती वाजता निघावं?

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सात-सव्वासातला. हवाईत घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे तेवढा गोंधळ नाही. सूर्यास्ताच्या चार तास आधी निघा. बहुतेक लोक दोन-अडीच तास आधी निघतात आणि माथ्यावर पोचतात तेव्हा वाहनतळ भरलेला असतो. गर्दीच्या दिवसांत जागा संपली की वरचा तळ बंदही होतो.

चार तास आधी निघालात तर वाटेत तीन ठिकाणी थांबता येतं, आणि शरीरालाही उंचीची सवय व्हायला वेळ मिळतो. शिखरावर सूर्यास्ताच्या किमान सव्वा तास आधी पोचा.

आणखी एक गोष्ट. इतक्या उंचीवरून क्षितिज खाली वाकलेलं दिसतं, त्यामुळे खालच्या किनाऱ्यासाठी छापलेल्या वेळेपेक्षा वर सूर्य काही मिनिटं उशिरा बुडतो. 'वेळ झाली, संपलं' म्हणून पाठ फिरवू नका.

वाटेत कुठे थांबायचं?

पहिला थांबा हॉस्मर ग्रोव्ह, उद्यानात शिरल्यावर लगेच. १९१० च्या सुमारास राल्फ हॉस्मर या वनाधिकाऱ्याने लाकडासाठी कोणती परदेशी झाडं इथे टिकतात हे बघायला पाइन, स्प्रूस, देवदार, निलगिरी लावली. बरीचशी टिकली नाहीत, आणि जी टिकली त्यातली काही आता पसरून मूळच्या झाडोऱ्याला त्रास देतात. अर्ध्या मैलाची पायवाट आहे. शांत उभं राहिलात तर लाल पिसांचा, बाकदार चोचीचा इइवी किंवा आपापाने दिसू शकतो. हे मधपक्षी फक्त हवाईत आहेत. डासांमधून पसरणाऱ्या हिवतापाने खालच्या जंगलातून ते जवळजवळ हद्दपार झाले, आणि डास कमी असलेल्या या उंचीवरच उरलेत. हवा तापत चालली तसे डासही वर सरकताहेत. हे पक्षी दिसले तर दोन मिनिटं जास्त द्या.

दुसरा थांबा सात हजार फुटांवरचं मुख्यालय. पाणी भरून घ्या, स्वच्छतागृह वापरा, त्या दिवसाचं हवामान विचारा.

तिसरा लेलेइवी. वाहनतळापासून थोडं चालावं लागतं, पण दुपार कलताना इथे काही विलक्षण दिसू शकतं. विवरात ढग भरलेले असतील आणि सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर समोरच्या ढगावर तुमची सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो, तेच हे. कोकणकड्यावर पावसाळ्यात वाट बघूनही ते न दिसलेले पुष्कळ जण आहेत. इथे व्यापारी वारे ढग विवरात ढकलत असतात, त्यामुळे संधी बरी असते.

वेळ उरला तर कालाहाकु. तिथे आहिनाहिना ही चंदेरी झाडं आहेत, त्यांच्याविषयी खाली लिहिलं आहे.

खाली किनाऱ्यावरून डोंगर ढगात दिसतोय. जाणं रद्द करू का?

लगेच नको. याच कारणाने अनेक जण परत फिरतात आणि पुढे वर लख्ख ऊन पडलेलं असतं.

माउईवर बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. दमट हवा उतारावर चढते, थंड होते, ढग होतात. पण साधारण दीड ते सव्वादोन हजार मीटरच्या दरम्यान हवेचा एक थर असा असतो की तिथे वर जाताना तापमान घटण्याऐवजी वाढतं. ढगांना हा थर ओलांडता येत नाही. ते त्याच्याखाली पसरतात, आणि वर कोरडी, स्वच्छ हवा राहते. म्हणून घाटात धुकं आणि रिमझिम लागली तरी सावकाश चालवत राहा. मुख्यालयाच्या आसपास एखाद्या वळणावर गाडी ढगातून बाहेर येते आणि ढग खाली राहतात.

अपवाद हिवाळ्यातला. तेव्हा कधी कधी कमी दाबाची वादळं येतात, हा थर मोडतो आणि शिखरासकट सगळा डोंगर पावसात बुडतो. क्वचित बर्फही पडतं, आणि रस्ता बंद होतो. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावरच्या सूचना आणि हवामान खात्याचा शिखरासाठीचा अंदाज बघा. किनाऱ्याचा अंदाज इथे उपयोगाचा नाही.

खरंच इतकी थंडी असते? हवाई तर उष्ण ना?

असते. दर हजार फुटांना सुमारे तीन अंश फॅरनहाइट घट धरा. किनाऱ्यावर तीस अंश सेल्सियस असताना वर बारा-तेरा, आणि सूर्य बुडताच झपाट्याने त्याखाली. वारा असेल तर शून्याखाली असल्यासारखं वाटतं. जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे, पायमोजे, बंद बूट हवेतच. साडी नेसणाऱ्यांनी आत थर्मल घालावं, कारण नुसत्या शालीत वारा शिरतो. हॉटेलमधली ब्लँकेटं गुंडाळून कुडकुडणारी माणसं वर रोज दिसतात, आणि ती सूर्य बुडताच गाडीत शिरतात. सर्वांत सुंदर अर्धा तास त्यांच्या हातून जातो.

आईबाबांना नेणं सुरक्षित आहे का?

बहुतेकांसाठी हो, पण विचार करून. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, चार पायऱ्यांत धाप, हे तरुणांनाही होतं. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असेल, किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. वर रुग्णवाहिका पोचायला बराच वेळ लागतो.

बाकीच्यांनी मुख्यालयाजवळ वीस मिनिटं थांबावं, पाणी पीत राहावं, वर सावकाश चालावं. बाबांना 'काही होत नाही मला' म्हणायची सवय असेल तर त्यांच्या चेहऱ्याकडे तुम्हीच लक्ष ठेवा. त्रास वाढला तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा. हजार-दीड हजार फूट उतरल्यावरच बरं वाटू लागतं.

गुडघे दुखत असतील तर काळजी नको. शिखरावर वाहनतळापासून काचेच्या निवाऱ्यापर्यंत थोड्याच पायऱ्या आहेत, आणि वाहनतळावरूनही पश्चिम क्षितिज दिसतं.

स्कुबा डायव्हिंग केलं असेल तर चोवीस तास वर जाऊ नका. हा नियम कुणासाठीही सैल नाही.

खाण्यापिण्याची सोय?

उद्यानात खाद्यपदार्थ मिळत नाहीत, पेट्रोलही नाही. टाकी वाटेतल्या पुकालानी गावात भरा. पोळीभाजीचा डबा, थेपले, थर्मासमध्ये चहा न्या. भाजी-फळं कुलातल्या मळेवाल्यांकडून घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचं लाहाइना गाव जळालं त्याच दिवशी कुलातही वणवा लागला होता, घरं गेली. पर्यटकांचे चार पैसे तिथल्या हातात पडले तर चांगलंच. उष्टं-खरकटं मात्र सगळं परत न्या.

सूर्यास्ताला कुठे उभं राहू आणि काय काय बघू?

पुउउलाउला, अगदी माथा. पश्चिमेला माउईचे पश्चिमेकडचे डोंगर, लानाइ बेट, आणि ढगांचा सपाट पसारा. हवा स्वच्छ असेल तर आग्नेयेला हवाई या शेजारच्या सर्वांत मोठ्या बेटावरचे मौना केआ आणि मौना लोआ हे डोंगर ढगांच्या वर डोकं काढून दिसतात.

सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही अधूनमधून पूर्वेकडे वळा. सूर्य क्षितिजाला टेकत असताना हालेआकालाची स्वतःची सावली पूर्वेच्या ढगांवर लांबच लांब पडते, टोकदार त्रिकोणासारखी. डोंगराचा आकार तसा नाही. सावलीच्या कडा दूर जाताना जवळ येताना दिसतात, सरळ रेल्वेरूळ दूरवर मिळतात तसं, म्हणून टोक दिसतं. सूर्य बुडाल्यावर तिथेच क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. शहरात इमारती आणि धुरळ्यात हे सहसा हरवतं.

मग पंधरा-वीस मिनिटांनी पश्चिमेचा रंग पुन्हा गडद होतो. तो बघून मगच हला. हा डोंगर अकोल्याच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, साधारण पावणेएकवीस अंश उत्तर. त्यामुळे संधिप्रकाशही विदर्भातल्यासारखाच लवकर आटोपतो. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत लांबणारी संध्याकाळ इथे मिळणार नाही.

अंधार झाल्यावर थांबण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि माझ्या मते अर्धी सहल तिथेच आहे. सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने आकाश पूर्ण काळं होतं. धूळ आणि बाष्प खालच्या थरात अडकलेलं असतं. याच कारणाने इथे दुर्बिणी आहेत. माथ्याजवळचे पांढरे घुमट त्यांचेच. त्यांतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ओउमुआमुआ टिपला, आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला ओळखता आलेला पहिला पाहुणा. शेजारी डॅनियल इनोये सौर दुर्बीण आहे, चार मीटर आरशाची, सूर्य बघणारी जगातली सर्वांत मोठी. वेधशाळांचा परिसर पर्यटकांना खुला नाही, बाहेरूनच बघायचा.

ध्रुवतारा विदर्भात दिसतो त्याच उंचीवर दिसेल. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्त्य चमकतो, एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू क्षितिजाजवळ वर येतो. ताऱ्यांसाठी अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. पौर्णिमेलाही गेलात तर वाया नाही: इकडे सूर्य बुडताना तिकडे विवरावर चंद्र उगवतो. मराठी दिनदर्शिकेवरून तिथी बघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की हवाई भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे, त्यामुळे तारीख एक दिवस अलीकडची असू शकते.

विजेरीला लाल कागद लावा, गाडीचे दिवे बंद ठेवा. हे ताऱ्यांसाठी आहे तितकंच उआउ पक्ष्यासाठी. हा समुद्रपक्षी शिखराजवळच्या खडकांतल्या बिळांत घरटं करतो आणि वसंतापासून शरदापर्यंत अंधार पडल्यावर समुद्रावरून परततो. तेज दिव्यांनी तो वाट चुकतो.

ती चंदेरी झाडं कोणती? जवळ जाऊन फोटो काढू का?

ती आहिनाहिना. जगात फक्त या डोंगराच्या वरच्या उतारांवर उगवतात. पानांवरची रुपेरी लव कडक ऊन परतवते आणि ओल धरून ठेवते. झाड कित्येक दशकं जगतं, एकदाच फुलतं, माणसाच्या उंचीएवढा तुरा येतो, बी पडतं आणि झाड मरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक आठवण म्हणून ती उपटून नेत आणि शेळ्या चरत. ती संपायच्या बेतात आली होती. कुंपण आणि कायद्याने वाचली.

मुळं उथळ असतात. भोवतीच्या राखेवर पाय पडला तरी ती चिरडतात. फोटो वाटेवरूनच काढा.

विवरात लाव्हा दिसतो का?

नाही. ज्याला आपण विवर म्हणतो ती खरं तर पाण्याने कोरलेल्या दोन दऱ्या मिळून झालेली खळगी आहे, सुमारे अकरा किलोमीटर लांब, तीनेक किलोमीटर रुंद. नंतरच्या स्फोटांनी तिच्या तळाशी राखेचे शंकू उभे केले. अलीकडच्या अभ्यासांनुसार शेवटचा उद्रेक १४८० ते १६०० च्या दरम्यान झाला. ज्वालामुखी झोपलेला आहे, मेलेला नाही.

दिवा, उदबत्ती, नारळ न्यावा का?

नेऊ नका. मावळत्या सूर्यापुढे हात जोडावेसे वाटतात, ते अगदी योग्य आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. फुलं, तांदूळ, कुंकू काही ठेवू नका. दगडांवर दगड रचू नका, एकही खडा खिशात घालू नका. दुसऱ्यांच्या देवस्थानात आपण पाहुणे आहोत. शिखरावर कुणी स्थानिक मंत्रपठण करत असेल तर कॅमेरा खाली घ्या. ड्रोनला बंदी आहे.

रात्री घाट उतरताना काय काळजी घ्यावी?

सूर्य बुडताच दहा मिनिटांत गाड्यांची रांग लागते आणि सगळी ब्रेक दाबत उतरते. पाऊण-एक तास उशिरा निघालात तर रस्ता बराच मोकळा असतो.

गिअर खालचा ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा हाताने बदलायचे गिअर असतात, भाड्याची गाडी घेतानाच ते कुठे आहेत बघून घ्या. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो, जळका वास येतो, आणि मग धरेनासा होतो. वास आला तर रुंद जागी थांबा, पंधरा मिनिटं गाडी निवू द्या. मागे कुणी घाईत असेल तर बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. समोरून कोणी येत असेल तर प्रखर दिवे उतरवा.

उद्यानाच्या हद्दीखाली मोकळी गुरं रस्त्यावर येतात, काळ्या गाई तर अगदी जवळ आल्यावरच दिसतात. आणि नेने. हा हवाईचा राज्यपक्षी, फक्त तिथेच आढळणारा हंस. १९५० च्या सुमारास जेमतेम तीसच्या आसपास उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं १९६० च्या दशकात स्काउट मुलांनी पाठीवरून विवरात नेऊन सोडली, तिथून ही संख्या पुन्हा वाढली. आज उद्यानात त्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण गाडीची धडक हेच आहे. त्यांना खायला घातलं की ते वाहनतळांवर रेंगाळतात, म्हणून एक चिवडाही टाकू नका, आणि वेग पाटीवर लिहिलाय त्याहून कमीच ठेवा.

प्रवेशशुल्क किती? त्याच तिकिटावर आणखी काय बघता येतं?

गाडीमागे ३० डॉलर, तीन दिवसांसाठी. रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. उद्यानांचा वार्षिक पास चालतो. दर बदलू शकतात, निघण्याआधी संकेतस्थळ बघा. पावती जपून ठेवा, कारण याच उद्यानाचा किपाहुलु हा भाग बेटाच्या पूर्व टोकाच्या हाना गावापलीकडे समुद्राकाठी आहे आणि त्यालाही तीच चालते. शिखरावरून तिकडे गाडीरस्ता नाही. नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या पट्ट्यात दिसतात, म्हणून अनेक जण एका दिवसात दोन्ही ठरवतात. किपाहुलुला स्वतंत्र अख्खा दिवस द्या, आणि तो शिखराच्या संध्याकाळीनंतरचा लगेचचा दिवस नसेल तर उत्तम, कारण हानाचा रस्ता लांब आहे आणि थकलेल्या चालकासाठी नाही.